कूलरचा षड्ज

नागपुरात मे महिन्यात संगीताची परीक्षा ठेवणाऱ्याने एक तर कधी गायलेलं नसावं, नाहीतर कधी नागपूर पाहिलेलं नसावं.

बी.ए.ला मी गायन घेतलं. बाकीच्या विषयांच्या पोरापोरींना अभ्यासाला कूलरपुढची जागा लागते. मला नेमकी तीच चालत नाही. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे मोटरची घरघर येते ती 100, 200 अशी शंभराच्या पटीत. माझी पट्टी, म्हणजे गायचा सूर, पेटीवरची काळी चार. तिचा षड्ज, म्हणजे सा, 207 हर्ट्झच्या जरासा वर. म्हणजे आमचा कूलर चक्क माझाच सा लावतो, पण उतरलेला. पार बेसूर असता तर दुर्लक्ष केलं असतं. लग्नसराईत गल्लीतून जाणाऱ्या बँडकडे करतेच की! पण हा सुराच्या इतका जवळ येऊन बसतो, की थोड्या वेळात गळाही नकळत त्याच्या शेजारी जाऊन बसतो. मॅडमना दुसऱ्या दिवशी बरोबर कळतं. "घरी कूलरसमोर गाऊन राहिली ना तू? सा बघ कुठे गेला तो."

मोबाइलवरचा तानपुरा त्याच्यापुढे ऐकूच येत नाही. मग कूलर बंद करावा. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि मी म्हणते, "बाबा, अर्धा तास बंद करू?" त्यावर सगळे असे बघतात, जणू मी घर विकायला काढलंय. आजी तर सरळ तोड काढते. "त्याले राहू दे चालू. तूच जरा हळू म्हण नं."

बाबांना संगीताचं वावडं नाही. उलट डॉ. वसंतराव देशपांडे हा त्यांचा हुकमी एक्का. "वसंतराव इथे नागपुरातच शिकले, शंकरराव सप्रे गुरुजींकडे. सिव्हिल लाइन्सला एवढं मोठं सभागृह आहे त्यांच्या नावाचं," इथपर्यंत अभिमान. मग आवाज खाली आणून, "पण नोकरी मिलिटरी अकाउंट्समध्ये केली हो त्यांनी." या 'पण'नंतर बी.कॉम.च्या प्रवेशाची तारीख येते. नातेवाइकांची मजल तर तिथपर्यंतही जात नाही. "गान्याचा पेपर राह्यते? त्यात लिहितेत काय?"

लिहितात ना. पेपरच्या अभ्यासाला तरी कूलरपुढे बसू म्हणून वही घेऊन बसले. गाणं लिहून काढायच्या भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार, वरचं सप्तक; पलुसकर पद्धतीत डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र, खालचं. एवढ्याशा टिंबावर आख्खं सप्तक इकडचं तिकडे होतं. आणि आमच्या कूलरच्या ताट्यांतून पाण्याचे तुषार उडतात. माझ्या यमनच्या बंदिशीत भातखंड्यांनीही लावली नसती इतकी टिंबं लागली, आणि जेल पेनची शाई पसरून तीव्र मध्यमाची उभी रेघ गंधारावर आडवी झाली.

साथीला वर्गातला एक पोरगा यायचा, लहान तोंडाचा तबला घेऊन. बिचारा बाहेरच्या उन्हातून यायचा तेव्हा पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, टणक, सूर चढलेला. हातोडीने ठोकून ठोकून काळी चारला आणायचा. तोवर कूलरच्या ओल्या हवेने पुडी सैल पडायची आणि तबला खाली उतरायचा. एकदा तो उतरत उतरत कूलरच्या सुराला नेमका मिळाला. दोघांचं इतकं छान जुळलं, की त्या खोलीत बेसूर मी एकटीच ठरले. त्यावर तो म्हणतो कसा, "तूच थोडं खाली ये नं बे!"

शेवटी पहाटे खर्जाचा रियाज करायला गच्चीवर गेले. उन्हाळ्यात आमच्या मोहल्ल्यातली निम्मी माणसं गच्चीवर झोपतात, हे लक्षात यायला हवं होतं म्हणाल, तर होतंच. पण गळ्याला दुसरी जागा कुठली? अंधारात मी मंद्र पंचम धरला. शेजारच्या गच्चीवर हालचाल झाली, टॉर्च लागला. "कोनाची तब्येत बिघडली का वो?" मी म्हटलं, "काकू, मीच. रियाज करतेय." टॉर्च विझला. मग अंधारातून आवाज आला, "डॉक्टरले दाखवून ठेव तरी."

रागांच्या वेळा पाळायच्या, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून घोकून घेतलंय. दुपारी भीमपलासी, मुलतानी. संधिप्रकाशाला पूर्वी, मारवा. प्रात्यक्षिकाला मात्र माझा नंबर लागला दुपारी 2.30 वाजता आणि बाहेरगावाहून आलेले परीक्षक म्हणाले, "मालकंस ऐकवा." मालकंस म्हणजे मध्यरात्रीनंतरचा, गंभीर. खिडकीतून झळा येताहेत, ओढणी गळ्याला चिकटलेली. मालकंसात पंचम नाही, म्हणून तानपुऱ्याची पहिली तार पंचमावरून मध्यमावर उतरवायला घेतली. पण परीक्षा हॉलचा कूलर आमच्या घरच्यापेक्षा दुप्पट. तार मध्यमाला लागली की नाही हे ना मला कळेना, ना परीक्षकांना.

"हा कूलर बंद करा," ते म्हणाले.

शिपाईकाकांनी त्यांच्याकडे दयेने पाहिलं. "करतो सर. पण पुण्या-मुंबईचा उन्हाळा नाही हा."

कूलर थांबला. किती दिवसांनी माझा सा मला स्वच्छ ऐकू आला! मी आलाप सुरू केला. मंद्र धैवतापर्यंत परीक्षकांचे डोळे मिटलेले होते. मध्यमावर आले तेव्हा त्यांनी रुमाल काढला. विलंबितची, म्हणजे संथ लयीतल्या बंदिशीची, स्थायी होईपर्यंत तो रुमाल मानेवरून पाठीकडे गेला होता. अंतरा उचलायला मी श्वास घेतला, तर त्यांनी हात वर केला.

"छान. ताना राहू द्या."

"सर, द्रुत पण बसवलाय," मी म्हटलं.

"बसवलाच असेल," ते म्हणाले, आणि दाराकडे वळून, "काका, आधी तो कूलर लावा. मग पुढचीला पाठवा."