निवडीच्या निकषांविषयी: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

जागतिक वयोगट बुद्धिबळ स्पर्धांसाठी मुलांची निवड केवळ रेटिंगवर (खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या आकड्यावर) न होता निवड स्पर्धेतील कामगिरीवर व्हावी आणि परदेशवारीचा खर्च एकट्या पालकांवर पडू नये, असे मी लिहिले होते. त्यावरील आपल्या प्रतिक्रियेतील एक दुरुस्ती रास्त आहे. १८ वर्षांखालील सर्वच खेळाडूंचा 'के' गुणांक, म्हणजे एका डावाने रेटिंग किती हलते ते ठरवणारा आकडा, ४० असतो असे मी म्हटले होते. प्रत्यक्षात रेटिंग २३०० च्या खाली असेपर्यंतच तो ४० राहतो. लेखात तसा बदल केला आहे.

मात्र 'ज्यांना स्वतःला निवड जिंकता आली नाही, तेच पुढे निकषांवर लिहीत बसतात' हे आपले वाक्य युक्तिवाद नव्हे, टोमणा आहे; आणि ज्याचा एक डावही आपण पाहिलेला नाही अशा माणसाला तो मारणे सभ्यपणाचे नाही.

आता ऐकाच. चौदा वर्षांखालील निवड स्पर्धेत माझे गुण विजेत्याइतकेच होते, आमचा आपसातला डावही बरोबरीत सुटला होता. पहिल्या फेरीत माझ्याशी हरलेला मुलगा पुढे कोलमडत गेला, त्यामुळे माझा बुखोल्झ, म्हणजे बरोबरी फोडण्यासाठी धरली जाणारी प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची बेरीज, घसरला आणि त्या बेरजेतल्या अर्ध्या गुणाने मी दुसरा ठरलो. वयोगटातील अधिकृत खेळाडूच्या, म्हणजे इथे विजेत्याच्या, राहण्याजेवणाची सोय यजमान करतात; दुसऱ्याला 'अतिरिक्त खेळाडू' म्हणून सारे स्वखर्चाने करावे लागते. तसे कळवणारे पत्र वडिलांनी दोनदा वाचले, घडी घालून माझ्या डाव लिहिण्याच्या वहीत ठेवले आणि तो विषय घरात पुन्हा निघाला नाही. मी गेलो नाही. पटावर समान ठरलेल्या दोघांपैकी एकाला सर्व काही आणि दुसऱ्याला काहीच नाही, या व्यवस्थेला आपण गुणवत्ता म्हणत असाल तर आपले मतभेद मिटणार नाहीत. अशा वेळी जलद डावांचा प्लेऑफ घ्यावा आणि पहिल्या दोघा-तिघांना गरजेनुसार मदत द्यावी, एवढेच मी सुचवले होते.

वीस वर्षे मुलांना शिकवताना मी हेच पाहिले आहे की ज्याला वर्षभर मानांकन स्पर्धांना नेणारे कुणी आहे त्याचे रेटिंग चढते, आणि घरी बसून तितकाच बळकट झालेला मुलगा यादीत मागे दिसतो. २००० च्या खालची रेटिंगे तर खऱ्या ताकदीपेक्षा कमी पडत असल्याने फिडेलाच (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाला) मार्च २०२४ मध्ये एकदम वाढवून द्यावी लागली, आणि लहान वयोगटांतील बहुतेक मुले त्याच पट्ट्यात असतात.

प्रायोजक शोधण्याचा आपला सल्ला आणि निवड समितीवरील विश्वासाची आपली ग्वाही यांवर मला काही म्हणायचे नाही. रेटिंगची यादी दर महिन्याला बदलते. निवड नेमकी कोणत्या महिन्याच्या यादीवरून करायची आणि ते आधी जाहीर करायचे की नाही, याविषयी आपण एक अक्षरही लिहिलेले नाही. ते लिहावे, मी उत्तर देईन.