उष्णता वरच जाते, तर मग इस्त्री कशी होते?

मावसभाऊ स्वतःचं घर स्वतः बांधतोय. तळमजल्याचा स्लॅब झालाय. आता त्यावर इन्सुलेशनचे बोर्ड, बोर्डांवर फ्लोअर हीटिंगचे, म्हणजे गरम पाणी फिरवून फरशी तापवणारे पाइप, पाइपांवर स्क्रीड (पाइप झाकणारा मिश्रणाचा सपाट थर) आणि शेवटी फरशी, असा क्रम आम्ही दोघांनी बसून ठरवला होता. परवा रात्री साडेअकराला त्याचा मेसेज : ‘दादा, बोर्ड परत पाठवतोय. उगाच खर्च. हे वाच.’ खाली लांबलचक फॉरवर्ड. ‘फ्लोअर हीटिंग : ठेकेदार तुम्हाला कधीच सांगणार नाही अशा ८ गोष्टी.’ हाच मजकूर महिन्याभरात मला आणखी तिघांनी पाठवलाय, तेव्हा एकदाच काय ते लिहून टाकतो.

पाइप स्वतः अंथरायला माझा विरोध नाही. माझ्या घरात मीच अंथरलेत, गुडघे सोलवटून घेतलेत. काम किचकट आहे, पण अवघड नाही. मात्र एकदा स्क्रीड पडलं की विषय संपला. भिंतीतला पाइप चुकला तर चार टाइल फोडून भागतं, इथे खोलीची खोली उखडावी लागते. म्हणून या फॉरवर्डचा इतका राग येतो.

१. ‘उष्णता नेहमी वरच जाते, हे साधं विज्ञान आहे. फरशीखाली इन्सुलेशन म्हणजे शुद्ध लूट.’

असं कुठलंही विज्ञान नाही. वर जाते ती गरम हवा, कारण ती भोवतालच्या हवेपेक्षा हलकी असते. स्क्रीड म्हणजे हवा नव्हे. घन पदार्थातून उष्णता गरमाकडून थंडाकडे जाते, मग ते थंड वर असो, खाली असो की बाजूला. उष्णता वरच जात असती तर इस्त्रीने कपड्याऐवजी हात भाजला असता.

पाइपातल्या ३५ अंशांच्या पाण्याला वर २० अंशांची खोली दिसते आणि खाली त्याहून थंड जमीन. त्यातली उष्णता दोन्हीकडे जाणार. खालची वाट अडवायची तर तिथे अडथळा हवा, आणि काँक्रीट हा अडथळाच नाही. ५ सेंटीमीटरचा एक्सपीएस (कडक फोमचा) बोर्ड जेवढी उष्णता अडवतो तेवढी नुसत्या काँक्रीटने अडवायची तर ते सुमारे २ मीटर जाड ओतावं लागेल. फरशीखालच्या हीटिंगसाठी युरोपात ईएन १२६४ नावाचं मानक आहे. त्याच्या चौथ्या भागात आकडाच दिलाय : फरशी जमिनीवर टेकलेली असेल किंवा खालची खोली गरम केलेली नसेल तर इन्सुलेशनचा उष्णतारोध किमान १.२५ हवा, एकक चौरस मीटर-केल्विन प्रति वॉट. पाच सेंटीमीटरच्या त्या बोर्डाने साधारण १.४ मिळतो. गंमत म्हणजे खालच्या मजल्यावर गरम खोली असली तरी हे मानक ०.७५ मागतं. उष्णता वरच जाते हे मानक लिहिणाऱ्यांना कुणी कळवलं नसावं.

‘खालची माती एकदा तापली की थर्मास होतो’ असंही पुढे म्हटलंय. यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. घराच्या मधोमध, काही महिन्यांनी, खालची जमीन कोमट होते आणि तिथली गळती कमी होते. पण बाहेरच्या भिंतींच्या कडेने उष्णता थेट बाहेरच्या थंड मातीत जात राहते, आणि ती माती काही आपल्या घरापुरती तापून थांबत नाही. म्हणून बोर्ड तळाशी हवेतच, शिवाय कडेने भिंत आणि स्क्रीड यांच्यामध्ये फोमची पट्टीही हवी. स्क्रीड तापून फुगतं तेव्हा ती त्याला जागाही देते.

२. ‘८०० मीटरचा एकच अखंड पाइप घ्या. सांधा नाही, मॅनिफोल्ड नाही, गळती नाही.’

जमिनीखाली सांधा नको, हे बरोबर. बाकी चूक. १६ मिलिमीटरच्या पाइपाची एक फेरी साधारण १०० मीटरपर्यंतच ठेवतात. १५ सेंटीमीटर अंतराने अंथरला तर तेवढ्यात १५ चौरस मीटर जागा होते. ८०० मीटरमधून पाणी ढकलताना साधा पंप गुडघे टेकेल आणि पहिली खोली गरम, शेवटची गार राहील. आठ फेऱ्या करा, सगळ्यांची तोंडं मॅनिफोल्डवर, म्हणजे सगळ्या फेऱ्यांना पाणी वाटणाऱ्या नळीवर, आणा.

३. ‘वेगळा बॉयलर, एक्स्चेंजर काही नको. अंघोळीच्या गरम पाण्याचीच लाइन फरशीतून फिरवून परत नळाला जोडा.’

इन्सुलेशन गाळल्याने फक्त बिल वाढेल. हे वाचून मात्र मी रात्री बारा वाजता त्याला फोन लावला.

लेजिओनेला नावाचा जिवाणू आहे. १९७६ साली फिलाडेल्फियात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं होतं, तिथे न्यूमोनियाने माणसं गेली आणि त्यावरून त्याला हे नाव पडलं. पाण्यात तो वाढतो साधारण २० ते ४५ अंशांना, आणि साचलेल्या पाण्यात जास्त जोमाने. शॉवरखाली उभं राहिल्यावर पाण्याचे जे बारीक तुषार श्वासात जातात, त्यातून तो फुप्फुसात पोचतो. म्हणूनच साठवणीच्या टाकीतलं गरम पाणी ६० अंशांना ठेवायला सांगतात.

आता फरशीतलं पाणी बघा. तापमान ३० ते ४० अंश. लांबी शेकडो मीटर. उन्हाळ्यात हीटिंग बंद, म्हणजे पाइपातलं पाणी महिनोन्‌महिने जागचं हलत नाही. थंडीच्या पहिल्या दिवशी कुणीतरी बटण दाबतं आणि ते सगळं साचलेलं पाणी अंघोळीच्या लाइनीत मिसळतं. घरात सत्तरीची मावशी, तिला आधीच दम्याचा त्रास. जिवाणू पाळायची शेकडो मीटरची टाकी कुणी मुद्दाम बांधायला घेतली असती तरी याहून सोयीची जमली नसती.

‘पाणी सतत ताजं राहतं’ हा त्यावरचा युक्तिवाद. ताजं पाणी म्हणजे रोज नवा ऑक्सिजन, आणि तो लाइनीतले लोखंडी भाग गंजवतो. बंद फेरीत तेच पाणी वर्षानुवर्षं फिरतं, त्यातला ऑक्सिजन संपतो आणि गंज थांबतो. प्लास्टिकच्या पाइपातून हवेतला ऑक्सिजन आत झिरपू नये म्हणून पाइपावर वेगळा थर देतात. तो थर असलेलाच पाइप घ्यायचा. फॉरवर्डमध्ये त्याला ‘मार्केटिंग’ म्हटलंय.

फरशीचं पाणी आणि अंगावरचं पाणी कधीही एकमेकांना भेटता कामा नये. उष्णता देणारं यंत्र एकच असलं तर मध्ये प्लेट हीट एक्स्चेंजर घाला. उष्णता पलीकडे जाते, पाणी जात नाही. त्या डब्याचे पैसे वाचवायचे असतील तर फ्लोअर हीटिंगच करू नका.

४. ‘स्क्रीड पडल्याच्या दुसऱ्या दिवशी गरम पाणी सोडा, लवकर वाळतं.’

लवकर तडकतं. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग होऊन होतं, आणि तेच पाणी तुम्ही उडवून लावता. पुन्हा ईएन १२६४ : सिमेंटचं स्क्रीड असेल तर किमान २१ दिवस थांबा, अ‍ॅनहायड्राइटचं (जिप्समसारख्या खनिजाचं) असेल तर किमान ७. मग ३ दिवस २० ते २५ अंशांचं पाणी, नंतर ४ दिवस ठरलेलं कमाल तापमान.

५. ‘प्रेशर टेस्ट हे ठेकेदारांचं बिल वाढवायचं नाटक.’

स्क्रीड टाकायच्या आधी फेऱ्यांत ४ ते ६ बार दाब धरायचा आणि स्क्रीड टाकताना तो तसाच ठेवायचा, हेही त्याच मानकात आहे. माझ्या घरी पाइप अंथरून झाले होते आणि चौकट बसवणाऱ्याने उंबऱ्यापाशी ड्रिल चालवलं. गेजचा काटा डोळ्यांदेखत खाली आला. दहा मिनिटांत भोक सापडलं, ती फेरी काढून नवी टाकली. दाब नसता तर ते भोक मला फरशी बसल्यावर, भिंतीवर ओल चढल्यावर कळलं असतं. हे नाटक एका हातपंपात आणि एका गेजमध्ये होतं.

६. ‘रात्री बंद, सकाळी चालू. निम्मं बिल वाचतं.’

साडेसहा सेंटीमीटरचं स्क्रीड १०० चौरस मीटरवर सुमारे १३ टन भरतं. ते ८ अंशांनी थंड होऊ दिलं तर पुन्हा तापवायला २९ युनिट लागतात, म्हणजे १० किलोवॉटच्या बॉयलरला जवळजवळ तीन तास. तुम्ही सहाला उठलात तर फरशी नऊला उठेल. एक-दोन अंश उतरवून ठेवलं तर थोडं वाचतं, हे खरं. पण निम्मं कुठून आलं ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

७. ‘लाकडी फरशी चालतच नाही.’

थरांची इंजिनिअर्ड लाकडी फरशी चालते, उत्पादकाने दिलेली तापमानाची मर्यादा पाळून. जाड गालिचे मात्र टाळा, ते उष्णता आतच दाबून ठेवतात.

८. ‘पाय सुजतात, शिरा फुगतात. आणि पाइप फुटणारच.’

आधीचे सात मुद्दे स्वस्तात बसवा म्हणणारे आणि हा आठवा बसवूच नका म्हणणारा. फॉरवर्ड दोघांनी मिळून लिहिलेला दिसतो. तरी यामागे थोडा इतिहास आहे. इन्सुलेशन नसलेल्या जुन्या घरांत खोली गरम ठेवायला फरशी फार तापवावी लागे आणि पाय जड होण्याच्या तक्रारी येत. म्हणूनच आता वावरायच्या जागेत फरशीचं तापमान २९ अंशांच्या वर जाऊ देत नाहीत, फक्त बाहेरच्या भिंतीलगतच्या पट्ट्यात ३५ पर्यंत चालतं. नीट बांधलेल्या घरात २५ अंशसुद्धा पुरतात. पायाला ती फरशी गरम लागत नाही, फक्त गार लागत नाही.

पाइप फुटल्याचंही खोटं नाही. न्यूयॉर्कजवळच्या लेविटटाउनमध्ये १९४७ पासून हजारो घरांच्या स्लॅबमध्ये हीटिंगचे तांब्याचे पाइप गाडले गेले आणि पुढे त्यातले बरेच गळले. पण ते काँक्रीटमध्ये पुरलेलं तांबं होतं. आज टाकतात तो क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीन या प्लास्टिकचा पाइप, जो तसा गंजत नाही. त्याला धोका ड्रिलचा. त्यासाठी स्क्रीड पडायच्या आधी प्रत्येक खोलीत मोजपट्टी ठेवून फोटो काढायचे. आठ मुद्द्यांत एवढी एक कामाची गोष्ट लिहायला मात्र जागा उरली नाही.

बोर्ड ट्रकमध्ये चढवून झाले होते, काल सकाळी ते परत उतरवून घेतले. एक्स्चेंजर आणि प्रेशर गेज त्याच्या यादीत पुन्हा आलेत. गेज मी माझाच देतोय.