पीडीएफ ‘चालते’ आणि पीडीएफ वाचता येते: आपल्या दोन ताऱ्यांच्या अभिप्रायास उत्तर

महोदया,
सप्रेम नमस्कार.

आपला अभिप्राय मी दोनदा वाचला आणि त्या दिवशी काउंटरवर असलेल्या आमच्या सहकाऱ्यालाही तो वाचायला दिला. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे की, आपण साताऱ्यातील आमच्या दुकानात वडिलांसाठी टॅब घ्यायला आला होता. टॅबने डोळे खराब होतात असे सांगून आमच्या माणसाने आपल्याला सहा इंची ई-रीडर, म्हणजे केवळ पुस्तके वाचण्यासाठीचे यंत्र, घ्यायला लावला. ‘यात पीडीएफ चालते’ अशी खात्रीही दिली. आणि घरी गेल्यावर वडिलांकडच्या सुमारे तीनशे पीडीएफ पुस्तकांपैकी एकही त्यांना धड वाचता आले नाही. चौथ्या दिवशी आपण तो परत करायला आलात, तेव्हा खोके उघडले आहे या कारणाने आम्ही नकार दिला. ई-रीडर ही निरुपयोगी वस्तू असून दुकानदार ती नफ्यासाठी गळ्यात मारतात, असे आपण शेवटी लिहिले आहे. या शेवटच्या वाक्याखेरीज आपले सर्व म्हणणे खरे आहे, आणि त्याबद्दल मी आपली व आपल्या वडिलांची क्षमा मागतो.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर वडिलांना मोबाइलचा उजेड खुपतो, हे आपण बोलता बोलता सांगितले आणि आमच्या सहकाऱ्याने तेवढाच धागा पकडला. वडील काय वाचतात, ते त्यांच्याकडे कोणत्या स्वरूपात आहे आणि ते कुठून येते, यांपैकी एकही प्रश्न त्याने विचारला नाही. पीडीएफ ‘चालते’ हे त्याचे उत्तर शब्दशः खरे होते, कारण फाइल उघडते आणि पानही दिसते. परंतु चालणे आणि वाचता येणे यांत फार अंतर आहे, आणि ते सांगणे हे दुकानदाराचे काम होते.

हे अंतर मापाने सांगतो. सहा इंची पडद्याची रुंदी जेमतेम ९ सेंटीमीटर असते, तर ए-४ कागदाची २१ सेंटीमीटर. म्हणजे १२ पॉइंटात (पॉइंट हे छपाईत अक्षराचे माप) जुळवलेले अक्षर त्या पडद्यावर सुमारे ५ पॉइंटांचे होते. मराठीत अक्षराच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार असतो. त्यामुळे ५ पॉइंटात त्यांचा एकमेकांत गुंता होतो आणि तरुण डोळ्यांनाही ओळ लावणे कठीण जाते. पान आडवे केले तर अक्षर ७ पॉइंटांपर्यंत वाढते, पण मग एकेक पान दोनदा सरकवावे लागते. पुस्तक डेमी, म्हणजे ए-४ हून लहान आकारात स्कॅन केलेले असेल तर परिस्थिती थोडी बरी असते, एवढेच. याउलट १० इंची टॅब आडवा धरला की ए-४ पानाची रुंदी जवळजवळ मूळ मापात दिसते, आणि बोटांनी चिमटीत धरून मोठे करणेही सहज होते.

अक्षर मोठे करण्याची सोय ई-रीडरमध्ये असते, मग ती वडिलांच्या पुस्तकांवर का चालली नाही, असे आपण विचारले आहे. ही सोय ज्या फाइलींत मजकूर ‘वाहता’ असतो, म्हणजे पडद्याच्या मापाप्रमाणे ओळी नव्याने जुळतात, त्यांच्यावर चालते. ईपब हा त्यांतला सर्वांत परिचित प्रकार. पीडीएफमध्ये पान जसे जुळवले तसेच गोठलेले असते. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये तर मजकूर नसतोच, प्रत्येक पान हे एक छायाचित्र असते. आणि मराठीची एक अडचण आणखी वेगळी आहे. युनिकोड, म्हणजे सर्व यंत्रांना कळणारी अक्षरांची समान संकेतपद्धत, रुळण्यापूर्वी आपल्याकडे डीटीपीचे (संगणकावर पाने जुळवण्याचे) बहुतेक काम श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या प्रणालींच्या फॉन्टांत होत असे आणि काही ठिकाणी ते अजूनही होते. अशा फाइलीतला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण यंत्राच्या लेखी ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची सरमिसळ असते. त्यामुळे ती फाइल ईपबमध्ये बदलायला गेले की पडद्यावर निरर्थक अक्षरे उमटतात. ओसीआर, म्हणजे पानाच्या चित्रातून संगणकाने अक्षरे ओळखणे, आता मराठीचाही होतो, परंतु जुन्या खिळ्यांच्या छपाईवर त्याच्या चुका एवढ्या निघतात की तीनशे पुस्तके तशी दुरुस्त करणे कोणत्याही एका माणसाला झेपणारे नाही.

याला जोडूनच सांगायला हवे की, वडील ई-पेपर, म्हणजे वर्तमानपत्राची इंटरनेटवरची आवृत्ती, वाचतात हे आपल्या अभिप्रायातून मला कळले. त्यासाठीही मोठा रंगीत पडदाच हवा. बुकगंगा या संकेतस्थळावर विकत घेतलेली ई-पुस्तके त्यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये वाचायची असतात, आणि ते ॲप मोबाइलवर व टॅबवर चालते. ई साहित्य प्रतिष्ठान विनामूल्य देत असलेली मराठी पुस्तके प्रामुख्याने पीडीएफच असतात. आज मराठी वाचकाचा पुष्कळसा खजिना या तीन ठिकाणी असताना, तो विचारात न घेता केवळ डोळ्यांच्या नावाखाली ई-रीडर सुचवणे चुकीचे होते. आपल्या वडिलांना टॅबच योग्य ठरला असता.

टॅबने डोळे खराब होतात, हे विधानही मी मागे घेतो. पडद्याच्या निळ्या प्रकाशाने डोळ्यांना कायमची इजा होते याला शास्त्रीय पुरावा नाही, असे अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीनेच स्पष्ट केलेले आहे. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात आणि थकतात, हे मात्र खरे आहे. वडिलांना उजेड खुपतो तो कशामुळे, हे त्यांची शस्त्रक्रिया करणारे डॉक्टरच सांगू शकतील. तोपर्यंत टॅबवर चकाकी न येणारे मॅट गार्ड लावावे, उजेड खोलीतल्या उजेडाच्या बेताचा ठेवावा आणि पानाचा रंग पिवळसर करावा, एवढे मी सुचवतो.

आता जिथे माझे मत वेगळे आहे तेही सांगतो, कारण आपला अभिप्राय वाचून कोणी आपल्या गरजेची वस्तू घ्यायचे टाळू नये. ई-रीडरच्या पडद्यात सूक्ष्म कुप्या असतात, त्यांत काळे आणि पांढरे कण असतात, आणि विजेच्या भाराप्रमाणे ते वरखाली होऊन अक्षर उमटते. एकदा उमटले की ते टिकवायला वीज लागत नाही, म्हणून चार्जिंग काही आठवडे पुरते. हा पडदा स्वतः उजळत नाही. कागदाप्रमाणे बाहेरचा उजेड परावर्तित करतो, आणि अंधारात लागणारा उजेड कडेच्या दिव्यांतून पानावर पडतो. भर उन्हात, अंगणात बसून वाचायला याच्यासारखे दुसरे साधन नाही. वजनही २०० ग्रॅमच्या आसपास. १० इंची टॅब साधारण अर्ध्या किलोचा, आणि तो झोपून छातीवर धरला की मनगट भरून येते. डिसेंबर २०१६ मध्ये ॲमेझॉनने आपल्या किंडल या ई-रीडरवर ज्या पाच भारतीय भाषांची पुस्तके आणली त्यांत मराठी होती. जो वाचक अशी युनिकोडमधली पुस्तके विकत घेऊन तासन्तास कादंबऱ्या वाचतो, त्याला मी आजही ई-रीडरच देईन. मी स्वतः रोज रात्री त्यावरच वाचतो. वाचताना मध्येच फोन वा संदेश येत नाही, याचे मोल मला फार वाटते.

नफ्याविषयी एवढेच सांगतो की, आपण पाहिलेला टॅब या ई-रीडरपेक्षा सुमारे ४,००० रुपयांनी महाग होता. आमच्या माणसाने चुकीचा सल्ला दिला, परंतु महाग वस्तू खपवण्यासाठी दिला नाही.

खोके उघडल्यावर वस्तू परत न घेण्याचा नियम पावतीवर छापलेला आहे आणि तो मी एरवी पाळतो. पण वस्तूत दोष नसताना ती आमच्याच सल्ल्यामुळे निकामी ठरली असेल, तर त्या नियमाआड लपणे योग्य नाही. आपण ई-रीडर, चार्जिंगची केबल आणि पावती घेऊन या. येण्यापूर्वी आपल्या खात्यातून त्या यंत्राची नोंद तेवढी काढून टाका. पूर्ण रक्कम परत घ्यायची की फरक भरून टॅब घ्यायचा, हे आपण ठरवावे. मॅट गार्ड आमच्याकडून लावून देऊ.

शक्य असेल तर वडिलांना सोबत आणा, आणि त्यांच्या संग्रहातली तीन पुस्तके पेन ड्राइव्हवर घ्या: एक स्कॅन केलेले, एक डीटीपी केलेले आणि एक त्यांना सर्वांत बारीक अक्षराचे वाटणारे. ती टॅबवर उघडून, खुर्चीत बसून त्यांनी दहा-पंधरा मिनिटे वाचावीत आणि मगच निर्णय घ्यावा. या आठवड्यापासून वाचनासाठी यंत्र घ्यायला येणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला आम्ही हेच सांगत आहोत. दुकान सकाळी दहा ते रात्री साडेआठपर्यंत उघडे असते, शनिवारी बंद असते. दुपारी चारनंतर आलात तर मी स्वतः दुकानात असेन.

आपला,
दुकानमालक