‘फक्त २ टक्के लोक टॅक्स भरतात’ म्हणे!

सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज परत आला. देशात २ टक्के लोक टॅक्स भरतात, बाकी ९८ टक्के फुकटे, सगळा पैसा त्यांच्या योजनांत जातो म्हणून आपल्याला ना धड दवाखाना ना धड शाळा, तर टॅक्स भरणंच बंद करा. खाली अंगठ्यांची रांग. मी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट बघतो, सरकारवर राग मलापण आहे, पण हा राग भलत्याच माणसावर काढायचा चाललाय.

ते २ टक्के साफ खोटं नाही. इन्कम टॅक्स खरोखर भरणारे साधारण तेवढेच निघतात (आणि ९८ मध्ये तुमची बालवाडीतली नातपण मोजलीय बरं का). पण ‘इन्कम’ एवढा शब्द गाळला की अर्थच फिरतो. केंद्राच्या २०२५-२६ च्या बजेटात येणाऱ्या रुपयात इन्कम टॅक्सचे २२ पैसे, आणि जीएसटीचे १८, एक्साइजचे ५, कस्टमचे ४ धरले तर २७ पैसे वस्तू-सेवांवरच्या टॅक्सचे. ते कोण भरतं? आमच्या शेजारच्या अक्का दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात, पान कापायचं, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा, बोटं पिवळी झालीत त्यांची. त्यांनी मोबाईलचा रिचार्ज मारला की १८ टक्के जीएसटी, एमडी डॉक्टरनं मारला तरी तेवढाच. आणि प्रोफेशनल टॅक्स तर मीच माझ्या हातानं कापतो, बारा-चौदा हजारवाल्या पुरुष कामगाराच्या पगारातून महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. आमचे मालकपण वर्षाला २,५००च भरतात. आता फुकटा कोण ते तुम्हीच ठरवा.

मेसेजमध्ये हेल्थ इन्शुरन्सवर १८ टक्के जीएसटी लिहिलाय, तो जुना झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून स्वतःच्या, घरच्यांच्या पॉलिसीवर शून्य आहे, कंपनीच्या ग्रुप पॉलिसीवर मात्र लागतो. फॉरवर्ड करणारे तारीख बघत नाहीत, जाऊ द्या.

दवाखान्याचं मात्र नीट बोलू. योजना फक्त गरिबांना, असं मेसेज म्हणतो. महात्मा फुले जन आरोग्य योजना आता रेशन कार्डाचा रंग बघत नाही, पांढरं कार्डपण चालतं, ५ लाखांपर्यंत कव्हर आहे. आमच्या सोसायटीत निम्म्यांना ते कार्ड कपाटात कुठं ठेवलंय हेपण माहीत नसेल! पण म्हणून सगळं झकास आहे असं मी म्हणत नाही. मागच्या वर्षी वडिलांना एका सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो, डॉक्टर पोरगी बिचारी दोन रात्री जागी होती, तपासलं मस्त, आणि मग हातात चिठ्ठी, इंजेक्शन बाहेरून आणा. रात्री दीड वाजता गेटसमोरच्या मेडिकलात १,८४० रुपये मोजले. माझ्या पुढं लाइनीत एक विडी कामगार बाई होती, ती चिठ्ठीतली अर्धीच औषधं घेऊन गेली. तिच्यामुळं माझ्या वडलांचं इंजेक्शन संपलं होतं का? २०१७ च्या आरोग्य धोरणात सरकारनंच लिहिलेलं की २०२५ पर्यंत जीडीपीच्या २.५ टक्के आरोग्यावर खर्च करू. त्याचं काय झालं ते विचारा की.

शाळेचंपण तसंच. झेडपीची शाळा म्हणजे वाया, हे सोलापुरात बसून बोलताना तरी थोडं थांबा, परितेवाडीच्या झेडपी शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइज मिळालं ते आपल्याच जिल्ह्यात. मास्तर चांगले आहेत ओ, पण त्यांना जनगणना, निवडणूक, मतदार यादी यातून वर्गात जाऊ तर द्या.

आणि टॅक्स बंद करा म्हणजे कसा? टीडीएस पगार हातात यायच्या आधीच कापला जातो, काय कारखान्याला कुलूप लावू? त्यापेक्षा आपल्या इन्कम टॅक्सवर ४ टक्के हेल्थ अँड एज्युकेशन सेस लागतो त्याचा हिशोब मागा, हा सेस राज्यांना वाटून द्यावा लागत नाही आणि दवाखाने, शाळा चालवतात बहुतेक राज्यंच.

एवढं सगळं टाइप करून ग्रुपवर टाकलं. तासाभरानं मेसेज टाकणाऱ्या काकांचा वेगळा फोन आला, हळू आवाजात, पांढऱ्या कार्डावर गुडघ्याचं ऑपरेशन होतं का रे? म्हणलं काका, योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला विचारा.