नऊ मिलिमीटर आणि सासरेबुवा

गेल्या शनिवारी सकाळी दहा वाजता मी माझ्या 1995च्या फोर्ड एफ-150 पिकअपचे मागचे डावे चाक काढले आणि दुपारी दोन वाजता तेच चाक पुन्हा बसवले, एवढीच खरे तर घटना. मधल्या चार तासांबद्दल मात्र पुण्यातल्या आमच्या निम्म्या नातेवाइकांना माझ्यापेक्षा अधिक माहिती आहे.

आमच्या मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यांवर मीठ ओततात, त्यामुळे जुन्या लोखंडी चाकांना पापड सुटावेत तसा गंज सुटला होता. म्हणून मी डॉज रॅम 1500 या दुसऱ्या कंपनीच्या पिकअपची सतरा इंची, चकचकीत चार चाके एका गृहस्थाकडून रोख दोनशे डॉलरला आणली. दोन्ही गाड्यांना पाचच बोल्ट, आणि ते ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यासही एकच, साडेपाच इंच, म्हणजे 139.7 मिलिमीटर. पाच भोकांच्या चाकावर हा व्यास सरळ मोजता येत नाही, कारण कोणत्याच भोकासमोर दुसरे भोक येत नाही. शेजारच्या दोन भोकांच्या मध्यबिंदूंमधले अंतर मोजून त्याला 1.7ने गुणावे लागते. मी चारही चाकांवर मोजले आणि चारही वेळा 82 मिलिमीटर आले. फोर्डने 1997च्या मॉडेलपासून हे वर्तुळ 135 मिलिमीटरचे केले, त्यामुळे जुनी गाडी बाळगण्याचा आयुष्यात प्रथमच फायदा झाला, असे मी जेवताना दोनदा बोलूनही दाखवले होते. रॅमचे नट माझ्या अर्ध्या इंचाच्या बोल्टांना चालणार नाहीत हे ठाऊक असल्याने वीस नवे नट आणून ठेवले होते. एवढी तयारी मी बारावीलाही केली नव्हती.

आमचे सासरे सध्या सहा महिन्यांसाठी आले आहेत. एस. टी. महामंडळाच्या दापोडीच्या कार्यशाळेत एकतीस वर्षे काढून ते निवृत्त झाले, असे सांगितले की ऐकणाऱ्याला वाटते की त्यांनी शेकडो इंजिने उघडली असतील. प्रत्यक्षात ते भांडार विभागात कारकून होते आणि त्यांनी पाना फक्त नोंदवहीत उतरवून घेण्यापुरता पाहिला आहे. शनिवारी ते मे महिन्यात माकडटोपी घालून, घडीची खुर्ची आणि वही घेऊन गाडीशेजारी येऊन बसले.

“जावईबापू, ही चाकं याच गाडीची का?”

“नाही बाबा, दुसऱ्या कंपनीची आहेत. पण भोकं जुळतात.”

“भोकं काय, शर्टाच्या काजांचीही जुळतील. पार्ट नंबर?”

मी उत्तर न देता नवे चाक उचलले. पाचही बोल्ट पाच भोकांतून अगदी शहाण्या मुलांसारखे डोकावले, मी मनातल्या मनात हारतुरे स्वीकारू लागलो, आणि ठण्ण असा आवाज होऊन चाक थांबले. हबचा, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर चाक बसते त्याचा, मधला गोल उंचवटा चाकाच्या मधल्या भोकात शिरेना. फोर्डचे माप 87.1 मिलिमीटर आणि रॅमचे भोक 77.8, म्हणजे 9.3 मिलिमीटरांसाठी माझे दोनशे डॉलर हवेत लटकत होते.

“मधलं भोक मोजलं होतं का?” सासऱ्यांनी अत्यंत सौम्य आवाजात विचारले.

त्यांनी एवढ्यावर थांबायला हवे होते. पण त्यांनी “थोडं ग्रीस लावा, सरकेल,” असे सुचवले. नऊ मिलिमीटर ग्रीसने सरकत नाहीत, हे मी ग्रीसने माखलेल्या हातांनी समजावत असताना “आमच्याकडे सरकायचं” असे उत्तर आले. मग त्यांनी पुण्याला व्हिडिओ कॉल लावला, फोन चाकासमोर धरला आणि पलीकडच्या तीन पिढ्यांना सांगितले, “हे बघा, बाहेरची भोकं बसली, मधलं बसत नाही.” पलीकडून कोणीतरी धोंड्याच्या महिन्यात जावयाला चाकच द्या, असेही म्हणाले. हसणाऱ्यांत माझी सख्खी बहीण होती.

चाकांविषयी बोलणारा प्रत्येक जण बोल्टांच्या वर्तुळाचा आकडा मंत्रासारखा म्हणतो. मधल्या भोकाचे नाव कोणी काढत नाही. विक्रेताही त्याच पंथाचा. पाचाला पाच, साडेपाचाला साडेपाच, बसलेच म्हणून समजा, असे पैसे मोजताना सांगणारा माणूस संध्याकाळी फोनवर विकलेला माल परत घेत नाही म्हणतो, तेव्हा त्याच्या आवाजातही तितकाच आत्मविश्वास असतो. लेथवर मधले भोक मोठे करून मिळते, पण तो कारागीर एका चाकाचे पंचाहत्तर डॉलर मागतो, म्हणजे दोनशेची चाके बसवायला तीनशे. शिवाय ती बसली असती तरी त्यांच्यावरच्या, माझ्या जुन्यांपेक्षा मोठ्या 245/70 आर 17 टायरांमुळे स्पीडोमीटर ताशी साठ मैल दाखवत असताना गाडी त्रेसष्टने पळाली असती आणि दंडाची पावती वेगळी आली असती. द्राक्षे आंबटच होती, हे मी आता तिसऱ्यांदा स्वतःला सांगत आहे.

दोन वाजता जुने, गंजके चाक मुकाट्याने जागेवर गेले. सासऱ्यांनी वहीच्या पानावर आमच्या विजेच्या बिलाची कड टेकवून रेघा ओढल्या आणि सुंदर अक्षरात लिहिले: चाके, नग 4, आवक, बसवलेली, शून्य, शेरा, निरुपयोगी. मग वही माझ्यापुढे धरली.

“सही करा, जावईबापू. तारीखही घाला.”

हात पुसून मी सही केली.