महाजनकी, गावकरी आणि वर्ण: फोंड्याच्या कट्ट्यावरचा वाद

वाद पेटला तो पालखीवरून. एका देवळात जत्रेच्या रात्री पालखीचा पुढचा दांडा कोणी धरायचा यावरून दोन घराण्यांत जुंपली होती. फोंड्यातल्या तिस्क नाक्यावर चहाच्या गाड्याशी बसलेल्यांत तोच विषय निघाला आणि मधू म्हणाला, "हेच ते चातुर्वर्ण्य. धर्मातच लिहिलंय, तिथं माणसं काय करणार?"

शाणूची अर्धी वकिली देवस्थानांच्या प्रकरणांत जाते. तो म्हणाला, "या भांडणात वर्ण कुठे आहे ते दाखव. दोन्ही घराणी एका जातीची, एका गोत्राची. भांडण मानाचं आहे."

"जात काय, वर्ण काय, एकच ना!"

दामू पौरोहित्य करतो. हे त्याला सोसलं नाही. "एकच कसं? पुरुषसूक्त ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात आहे, त्यात चार नावं आली. गीतेच्या चौथ्या अध्यायात गुणकर्मविभाग आला. पुढे स्मृतिकारांनी कोणी काय करायचं, कोणी कोणाशी लग्न करायचं याचे नियम घातले. आता गोव्यातल्या जाती बोटांवर मोज. सारस्वत, कऱ्हाडे, पद्ये, दैवज्ञ, वाणी, मराठा, भंडारी, खारवी, च्यारी, मडवळ, कुंभार, धनगर, महार, गावडे, वेळीप. बसव चार खणांत. कोणाचा खण कुठला यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले, कारण खणच तोकडे पडतात. लग्न जुळवताना कोणी वर्ण विचारतो का? जात विचारतात, मग गोत्र, मग कुळदेव."

"संकल्पात?" सुलभाने विचारलं. ती शाळेत इतिहास शिकवते.

"संकल्पात आधी काळ आणि जागा. कलियुगाचा प्रथम चरण, जंबुद्वीप, भारतवर्ष, गोदावरीचा दक्षिण तीर, परशुरामक्षेत्र, शालिवाहन शक, संवत्सर, मास, तिथी, वार, नक्षत्र. मग यजमानाचं गोत्र आणि नाव. वर्ण डोकावतो तो नावापुढच्या शर्मा-वर्मामध्ये, तोही सगळीकडे म्हणत नाहीत. ज्याला गोत्र ठाऊक नाही त्याच्यासाठी काश्यप म्हणायचं आणि पुढे जायचं. पूजा अडत नाही."

गोत्राचा विषय निघाला की दामू थांबत नाही, आणि त्याने थांबू नयेच, कारण हा हिशेब नीट जाणणारे आता थोडेच उरलेत. लग्नाला नुसतं गोत्र वेगळं असून भागत नाही, प्रवर एक येतात का तेही बघावं लागतं. प्रवर म्हणजे त्या गोत्राच्या ऋषींची मालिका. ती एकाची, दोघांची, तिघांची किंवा पाचांची असते, चारांची नसते. भारद्वाजांचे तीन: आंगिरस, बार्हस्पत्य, भारद्वाज. वत्सांचे पाच: भार्गव, च्यावन, आप्नवान, और्व, जामदग्न्य. इतर गणांत दोन्हीकडचा एक ऋषी जरी समान निघाला तरी सप्रवर मानतात, म्हणजे लग्न होत नाही. भृगू आणि अंगिरस या गणांत मात्र तीनांतले दोन किंवा पाचांतले तीन जुळले तरच. "घोटाळा होतो तो इथेच," दामू म्हणाला. "मुलाकडचे म्हणतात गोत्र वेगळं, झालं. मुहूर्त निघतो, हॉल ठरतो, आणि आठ दिवस आधी कोणी म्हातारा प्रवर विचारतो. याद्या करण्याआधी विचारा की! आणि सपिंड, म्हणजे रक्ताचं जवळचं नातं, ते वेगळंच. मिताक्षरा या ग्रंथाप्रमाणे बापाकडून सात पिढ्या, आईकडून पाच."

"कायद्याने याला किंमत शून्य," शाणू म्हणाला. "१९५५ चा हिंदू विवाह कायदा गोव्यात लागूच नाही. इथे सिव्हिल रजिस्ट्रारसमोर दोनदा सही केली की लग्न. होमाचं गोत्र रजिस्टर विचारत नाही."

"म्हणजे माझंच खरं," मधू म्हणाला. "कायदा नाही, शास्त्र कोणी पाळत नाही, तरी जात आहे. मग ती श्रद्धेतूनच आली ना?"

इथे सुलभाने जे मांडलं ते या सगळ्या संध्याकाळचं सार होतं. श्रद्धा म्हणजे नक्की काय, ते आधी ठरवा, ती म्हणाली. कर्म: संचित, त्यातलं भोगायला आलेलं प्रारब्ध, आज करतो ते क्रियमाण. पुनर्जन्म. चार पुरुषार्थ. देव, ऋषी आणि पितर यांचं ऋण. ईश्वर मानलाच पाहिजे असंही नाही. सांख्य निरीश्वर, मीमांसेला जग घडवणारा देव लागत नाही, तरी दोन्ही आस्तिक दर्शनं, कारण ती वेद प्रमाण मानतात. "यातलं एकही जात काढून घेतली म्हणून कोसळतं का? आणि उलट बघ. गोव्यातल्याच साष्टीत, तिसवाडीत गावंच्या गावं ख्रिस्ती झाली. कर्म गेलं, पुनर्जन्म गेला, देऊळ गेलं. जात गेली? बामण बामणच राहिला, चार्डो चार्डो, सुदीर सुदीर. कोफ्रारीतली, म्हणजे चर्चच्या मंडळातली, मानाची जागासुद्धा जातीवर ठरत होती. श्रद्धा बदलून जी गोष्ट बदलत नाही ती श्रद्धेतून आली असं कसं म्हणायचं?"

मधूकडे याला उत्तर नव्हतं, पण त्याने विचारलं ते रास्त होतं. मग ती टिकली कशावर?

"जमिनीवर आणि मानावर," शाणू म्हणाला. आणि हे त्याने बारकाईने सांगितलं. गोव्यातला गाव मुळात गावकरांचा. ज्यांनी खाजन, म्हणजे खाऱ्या पाण्याकाठची शेतजमीन, बांधलं, पाणी अडवायला मानस घातली, शेत पिकवलं त्यांची घराणी म्हणजे वांगड. गावच्या बैठकीत वांगडांचा क्रम ठरलेला. कोणी आधी बोलायचं, नारळ कोणाच्या हाती आधी द्यायचा, शिगम्यात, म्हणजे होळीच्या सणात, मांडावर (गावाच्या ठरलेल्या पवित्र जागी) कोण पुढे उभा राहणार, सगळं त्या क्रमाने. पोर्तुगिजांना सारा हवा होता, म्हणून त्यांनी ही रीत मोडली नाही, १५२६ च्या फोराल नावाच्या सनदेत लिहून ठेवली. ख्रिस्ती झालेला गावकर गावकरच राहिला, जोण, म्हणजे गावच्या उत्पन्नातला वाटा, घेत राहिला. गावकराखाली कुळं, कुंभार, न्हावी, मडवळ, च्यारी, महार. प्रत्येकाचं काम आणि त्या कामाचा ठरलेला वाटा. महाराला वाटा होता, बसायला जागा नव्हती. तिथे वर्णाचा श्लोक कोणी म्हटला नाही, गरजच नव्हती.

"कुंकळ्ळीला बघ," सुलभा म्हणाली. "तिथली शांतादुर्गा फातर्प्याला गेली, तरी शिगम्याच्या दिवसांत छत्र्यांच्या मिरवणुकीत ती कुंकळ्ळीला येते. बारा वांगडांच्या बारा छत्र्या. वांगडांतली काही घराणी केव्हाच ख्रिस्ती झाली, पण छत्रीचा मान वांगडाचा."

मग फोंड्यातली मोठी देवळं निराळी का, हे कोडंही इथेच सुटतं. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या मुलखातून देव झुवारी नदी ओलांडून अंत्रुजेत, म्हणजे फोंडा भागात, आले. मंगेश कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून, रामनाथ लोटलीहून. फोंडा पोर्तुगिजांच्या हाती पडला तो थेट १७६३ मध्ये, म्हणून इथे देव टिकले. पण देव आला आणि गाव मागे राहिला. कवळ्यातल्या शेतावर केळशीकरांचं गावकरपण चालणार नव्हतं. त्यामुळे इथे हक्क जमिनीला चिकटला नाही, कुळाला चिकटला. ती महाजनकी, म्हणजे देवस्थानावरचा वंशपरंपरेचा हक्क. उलट पेडण्यात, सत्तरीत सातेरी देवी वारुळाच्या रूपात जागच्या जागी आहे आणि तिथे गावकर, शिगम्यातले गडे, अंगात येणारा अवसर, देवाचा कौल हे सगळं गावाच्या मातीला बांधलेलं आहे. एकाच धर्माच्या, एकाच गोव्यातल्या या दोन रचना. ज्याला हे दिसलं नाही तो गोव्यातल्या कुठल्याही देवळाच्या भांडणाचा निकाल चुकीचाच लावणार.

"आणि कौल?" मधूने विचारलं. "देवाने नाही म्हटलं की संपलं, असंच ना?"

"देवाला प्रश्न कसा घातला त्यावर आहे," दामू म्हणाला. "पाकळ्या पाण्यात भिजवून मूर्तीला लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. एका वेळी एकच प्रश्न. 'पालखी यांनी धरावी आणि जत्रा पुढे ढकलावी का' असं विचारलं तर पाकळी कशाला होय म्हणाली? निम्मी भांडणं जोडप्रश्नातून होतात. पाकळी जास्त ओली असली तर चिकटून बसते, सुकी असली तर हात काढताच पडते. जाणता पुजारी ती निथळू देतो."

सुलभाला मात्र या रचनेची दुसरी बाजू बोलायचीच होती, आणि ती बोलली हे बरं झालं. देवळाच्या सेवेत भट, गुरव, देवळी यांच्याबरोबर भाविणी आणि कलावंतही जन्मानेच बांधलेल्या होत्या. शेस नावाचा विधी करून मुलीला लग्नावाचून देवाच्या नावाने सोडायचं, आणि तिच्या पोटच्या मुलींचं पुन्हा तेच. "हा धर्मच आहे असं तेव्हाही म्हणणारे होते. राजाराम पैंगीणकरांसारखी माणसं उभी राहिली, समाजाने तो विधी बंद केला, लग्नं लावली, मुलींना शाळेत घातलं. गोमंतक मराठा समाज त्यातून उभा राहिला. त्या दिवसापासून मंगेशाची एक तरी आरती चुकली? देवळाला जे हवं होतं ते महाजनांना हवं होतं, देवाला नव्हे."

दामू थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "शास्त्रात आधार काढला होता हो लोकांनी. तो खोटा होता असं मी म्हणत नाही, स्मृतीत सगळ्याला आधार सापडतो. पण सदाचार बदलला की स्मृती मागे राहते, हेही शास्त्रच सांगतं. कलिवर्ज्य म्हणून केवढी यादी आहे! नियोग गेला, गोमेध गेला."

मधू पुन्हा पालखीवर आला. "मग उद्या महार समाजातल्या माणसाला दांडा धरायचा असेल तर?"

शाणू म्हणाला, दोन गोष्टी वेगळ्या ठेव. देवळात जाणं, दर्शन घेणं हा प्रवेशाचा प्रश्न. घटनेचं कलम १७ आणि नागरी हक्क संरक्षण कायदा इतकंच बघतो की त्याच धर्माच्या इतर लोकांना जिथवर आणि ज्या रीतीने जाता येतं, तिथवर आणि त्याच रीतीने तुला जाता येतं की नाही. गर्भकुडीत पुजाऱ्याशिवाय कोणीच जात नसेल तर तक्रार टिकत नाही. पण सगळे भजक, म्हणजे भाविक, गर्भकुडीसमोरच्या चौकापर्यंत जातात आणि तुला सभामंडपात थांबवलं, तर तो गुन्हा आहे, मग समिती परंपरा म्हणो की काहीही. साक्षीदार, तारीख, नक्की कुठल्या खांबाशी अडवलं, हे त्याच दिवशी लिहून काढायचं. लोक महिन्याने येतात आणि जागा सांगता येत नाही, तिथे प्रकरण ढिलं पडतं.

"दांडा हा मान. तो महाजनकीतून येतो. देवस्थान नियमन १९३३ चं, पोर्तुगीज राजवटीतला कायदा, डिप्लोमा ६४५. प्रशासक मामलेदार. महाजनांची यादी असते, त्यांची आमसभा समिती निवडते: अध्यक्ष, सचिव, खजिनदार, मुखत्यार. कुळावी, म्हणजे ज्यांचं ते कुळदैवत आहे ते, आणि भजक देणगी देतात, मत देत नाहीत. कोण महाजन, कुठला मान कोणाचा, हे त्या देवस्थानाच्या कोंप्रोमिसात, म्हणजे नियमावलीत असतं. तुझी ती दोन घराणी भांडतायत ना, त्यांतल्या एकानेही कोंप्रोमिस उघडलेलं नाही. दोघंही 'आजोबा धरायचे' एवढंच सांगतात."

"आणि कोंप्रोमिसातच अन्याय लिहिला असेल तर?"

"तर ते बदलायचं. तो काही वेद नाही, सरकारने मंजूर केलेला कागद आहे. आमसभेत ठराव आणायचा, विषयपत्रिकेवर आधी घालून. ऐनवेळचा विषय म्हणून आणलास तर पडला समज. मग मंजुरीला पाठवायचं. आधी नक्कल काढ. पोर्तुगीजमध्ये असेल, भाषांतर करून घे, आणि 'महाजन' कोणाला म्हटलंय ते कलम आधी वाच. बऱ्याच ठिकाणी पुरुष वंशजच धरलेत, म्हणजे सुलभाच्या घराण्याचं देऊळ असलं तरी सुलभाला मत नाही. मी सुरुवात तिथून करीन. त्याला दोन्ही घराण्यांतून पाठिंबा मिळेल, दोघांच्याही घरात मुली आहेत."