मुक्कामाला विमान ठेवा, मग बोला

आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत आमच्या डिस्पॅचच्या सागरनं मोबाईल माझ्यापुढं धरला. "ताई, ह्याचा अर्थ काय हो?" मेसेज इंग्रजीत होता, पण तो त्याला कळला नव्हता असं नाही. चांगला कळला होता, म्हणूनच कुणीतरी वेगळं काही सांगावं अशी आशा होती. पुढच्या महिन्यातलं त्यांचं हैदराबादचं विमान आता त्या वारी उडणार नाही. 'ऑपरेशनल कारणामुळे.' पैसे परत घ्या, नाहीतर दोन दिवसांनंतरच्या विमानात बसा. त्याच्या वडिलांना लिव्हरच्या डॉक्टरांची वेळ मिळालीय ती त्याच दिवशी दुपारची. ती मिळवायला त्यानं किती फोन केले ते आम्ही अख्ख्या ऑफिसनं ऐकलंय. दोन दिवसांनंतर तिथं जाऊन तो काय करणार?

तेव्हापासून डोकं तापलंय. घरी आले, चहा झाला, तरी उतरेना म्हणून लिहितेय. लांबेल, पण वाचा.

आमची कंपनी गोकुळ शिरगावात. उजळाईवाडीचा विमानतळ इतका जवळ की विमान खाली यायला लागलं की फौंड्रीच्या आवाजातही कळतं. कोण ना कोण मान वर करून "आलं बघ" म्हणतंच. या विमानाचं आम्हाला कौतुक आहे हो. १० मार्च २०२४ ला नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं, त्यानंतरच्या रविवारी निम्मं कोल्हापूर बाहेरच्या कमानींसमोर फोटो काढून आलं. मीही आईला घेऊन गेले होते. राजाराम महाराजांनी १९३९ साली इथं विमानतळ उभा केला, तेव्हा देशातल्या कितीतरी मोठ्या शहरांना त्याचं स्वप्नसुद्धा पडलं नव्हतं. आणि आज आपली गत काय? विमानाचं तिकीट काढायचं आणि मेसेज येतोय का बघत बसायचं.

माझ्या आईची गोष्ट काही जणांना माहीत आहे, तरी परत सांगते. धाकटी बहीण हैदराबादला असते. आईच्या कंबरेत गॅप आहे, तासाभराच्या वर बसवत नाही. सोलापूरमार्गे गाडीनं जायचं तर अकरा-बारा तास लागतात. म्हणजे लेकीचं घर तिनं मनातनं सोडूनच दिलं होतं. मग विमान सुरू झालं. सव्वा तास! पहिल्यांदा जाऊन आली तेव्हा गल्लीत आठवडाभर तेच सांगत होती, की वर जाऊन पाणी प्यायले तोवर खाली आले. तेव्हापासून तिच्यासाठी हैदराबाद म्हणजे जयसिंगपूरच्या पलीकडचं एखादं गाव झालं.

धाकटीचं बाळंतपण आलं तेव्हा तारखा बघून, व्हीलचेअर सांगून, तिकीट काढलं. आईनं डिंकाचे लाडू केले, अळीव भरले, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली. पंधरा किलोच्या वर सामान चालत नाही म्हटल्यावर बॅग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेऊन काट्यावर ठेवली. साडेसोळा किलो भरलं. मग दुकानाच्या पायरीवरच बॅग उघडून लाडवांचा एक डबा बाहेर काढला, परत वजन केलं. दुकानदारही हसत होता, "काकू, आता बरोबर!" आणि त्याच रात्री मेसेज. विमानाचे आठवड्यातले वार बदलले, तुमचा वार गेला. पुण्याहून जायचं असेल तर सोय करू म्हणे. पुण्याहून! कंबरेच्या पेशंटला आधी पाच-सहा तास गाडीत घालून पुण्याला न्यायचं, तेही त्या हायवेच्या कामातनं, आणि मग विमानात बसवायचं.

विमान कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कमेंटमध्ये विचारू नका. ही एकीची गोष्ट नाही, आपल्याकडं येणाऱ्या बहुतेकींची रीत हीच. आधीच्या मुंबईच्या विमानाचं आठवतंय ना? २०११ ला बंद पडलं ते पडलंच, वर्षानुवर्षं उजळाईवाडीला शुकशुकाट. मग छोटी शहरं विमानानं जोडायची केंद्र सरकारची उडान योजना आली. २०१८ ला एअर डेक्कनचं छोटं विमान मुंबईला जायला लागलं आणि थांबलं. ट्रूजेट आली आणि २०२२ ला ती कंपनीच बंद पडली. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबई परत सुरू झाली, पण रोज नाही. दर वेळी सुरू होताना नारळ, हार, मंत्र्यांचं ऑनलाइन झेंडा दाखवणं, ताराराणी चौकात बॅनर. बंद होताना बॅनर कोण लावतंय?

उडानचं गणित तुम्हाला माहीत असेल. सरकार ठरावीक सीटांचा तोटा भरून देणार, तासाभराच्या प्रवासाला अडीच हजारांच्या आसपास तिकीट, आणि ही मदत तीन वर्षं. तीन वर्षं संपली की मार्गानं स्वतःच्या पायावर उभं राहायचं. सरकारचा खर्च तपासणाऱ्या कॅगनं २०२३ ला या योजनेचा हिशेब मांडला. तिसऱ्या टप्प्यापर्यंत ७७४ मार्ग वाटले, त्यातले ३७१ सुरू झाले, आणि तीन वर्षं पुरी करून त्यापुढंही टिकले ते ५४. चोपन्न! आमच्या फौंड्रीत शंभर कास्टिंग ओतून सातच पास झाले तर मालक दुसऱ्या दिवशी भट्टी बंद करून सगळ्यांना समोर उभं करेल.

आता कुणीतरी लिहिणारच की तोट्यात विमान कोण चालवेल. मान्य. इंधन महाग, विमानं कमी, इंजिनं दुरुस्तीत अडकलेली, पायलट मिळत नाहीत, हे सगळं खरं आहे. निम्मं रिकामं विमान उडवा असं मीही म्हणणार नाही. पण विमान रिकामं का राहतं, हे कधी विचारलंय का कुणी? उद्या ते असेल की नाही याचा भरवसा नसला की माणूस तिकीटच काढत नाही. मग हे म्हणणार, बघा, कोल्हापूरला प्रवासीच नाहीत.

आईच्या त्या वेळी मी दुसऱ्या दिवशी ऑफिसातनं सुटले ती सरळ विमानतळावर गेले. भांडायलाच गेले होते, खोटं कशाला बोलू. काउंटरला उचगावचा एक पोरगा होता, पंचवीस-सव्वीसचा. त्याला मी काय काय बोलले. तो बिचारा ऐकून घेत राहिला, नंतर मला बाजूला खुर्चीवर बसवून पाणी दिलं आणि कुठल्या अधिकाऱ्यानं सांगितलं नसतं ते त्यानं सांगितलं. म्हणाला, "मॅडम, आपलं कोल्हापूर बेस नाही. विमान रात्री दुसरीकडं असतंय. पायलट, एअर होस्टेस, इंजिनियर, सगळी तिकडंच राहत्यात. सकाळी तिथनं निघून दोन-तीन गावं फिरून मग आपल्याकडं येतंय. वर कुठं तासभर उशीर झाला की आपल्याकडं दोन तास. पायलटची ड्युटी संपत आली की शेवटचं गाव गळतंय. आणि कंपनीला एखादं विमान दुसऱ्या मार्गाला लागलं, तर कुठलं काढणार? जिथं बेस नाही तिथलं."

मला एका क्षणात लख्ख कळलं, कारण हे मी लहानपणी बघितलंय. आजोळ भुदरगडात. तिथं मुक्कामाची एसटी होती. रात्री आठला गाडी यायची, ड्रायव्हर-कंडक्टर मारुतीच्या देवळात पथारी टाकायचे, कुणाच्या ना कुणाच्या घरनं भाकरी जायची. पहाटे सहाला तीच गाडी दुधाचे कॅन आणि शाळेची पोरं घेऊन गारगोटीला निघायची. गाडी गावातच उभी, मग ती चुकेल कशी? पुढं एसटीनं मुक्काम बंद केला आणि गाडी "डेपोतनं सुटली की येईल" अशी झाली. कधी दहाला, कधी नाहीच. पोरांच्या शाळा सुटल्या तिथं, विशेषतः पोरींच्या.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. नवीन मार्ग, नवीन शहर, नवीन उद्घाटन नको. एक विमान रात्री उजळाईवाडीला मुक्कामी ठेवा. नाइट लँडिंगची परवानगी मिळालेली आहे, धावपट्टी वाढवून झाली, टर्मिनल झालं. सकाळी पहिलं विमान कोल्हापुरातनं सुटू दे आणि रात्री शेवटचं कोल्हापुरात येऊ दे. सकाळी मुंबईला जाऊन मंत्रालयात, बँकेत, टाटा हॉस्पिटलात काम करून रात्री घरी आलं पाहिजे माणूस. दुपारी पोचणारं विमान घेऊन मुंबईत कुठलं काम होतं? एक दिवस लॉजचा वाढतो. त्यापेक्षा महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री झोपून गेलेलं बरं, असं लोक म्हणतात आणि बरोबर म्हणतात. आणि मुंबईला सकाळ-संध्याकाळचे स्लॉट, म्हणजे विमान उतरायच्या-उडायच्या वेळा, मिळत नाहीत हे रडगाणं आता किती दिवस ऐकायचं? नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय.

आता १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथं बसतंय. कित्येक वर्षांच्या लढ्यानंतर ते मिळालं. सहा जिल्ह्यांची कामं इथं चालणार, मुंबईचे मोठे वकील येणार. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या कारखान्यांत ऑडिटला येणारे परदेशी गिऱ्हाईक आम्ही अजून पुण्याहून गाडी पाठवून आणतो. हुपरीची चांदी, इचलकरंजीचं कापड, सगळ्यांना हेच. घोडावतांची स्टार एअर तर आपल्या जिल्ह्यातल्या उद्योगसमूहाची, पण तिचाही मुख्य तळ बेंगळुरूला. त्यांनी बेंगळुरू निवडलं त्याला धंद्याची कारणं असतील, त्याबद्दल तक्रार नाही. पण आपल्या माणसांना तरी आपण हक्कानं विचारू शकतो ना, की एक विमान घरी झोपायला का येत नाही?

आणि नियम! वाचाल तर चिडाल. दोन आठवडे आधी कळवलं की विमान कंपनी नुकसानभरपाईतनं मोकळी. पैसे परत नाहीतर दुसरं विमान, संपलं. आयत्या वेळी रद्द केलं तरी तासाभराच्या विमानाला पाच हजार किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यातलं जे कमी असेल ते. जे कमी ते, जास्त ते नाही. सागरच्या वडिलांची गेलेली वेळ कुठल्या खात्यात धरायची? वेळापत्रक वर्षातनं दोनदा बदलतं, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. ठीक आहे, तेव्हा बदला. आधी तीन महिने सांगा, पेपरात छापा. पण एकदा हंगाम सुरू झाला आणि लोकांनी तिकिटं काढली, की मध्येच वार काढून घ्यायचा हक्क कंपनीला असू नये. जनतेच्या पैशातनं मदत घेतलेल्या मार्गावर तर नाहीच नाही. ईशान्य भारताच्या, काश्मीरच्या मार्गांवर अमुक इतकी विमानं चालवलीच पाहिजेत असा नियम सरकारनं १९९४ पासून केलाय ना? म्हणजे मनात आणलं तर सक्ती करता येते.

उचगावच्या त्या पोराला नंतर मी सॉरी म्हणायला परत गेले होते. तो तिथं नव्हता. दुसऱ्या शहरात बदली झाली म्हणे. त्याची आई इथं, तो तिकडं. विमानाचे वार कमी झाले की ही पोरंही हलवली जातात. हे तर कुठल्याच बातमीत येत नाही. आयटीआय, डिप्लोमा केलेली आपली किती पोरं इथंच विमानाच्या देखभालीला लागतील, जर इथं विमान रात्री उभं राहिलं तर. हे लिहिताना माझा राग जरा उतरलाय, पण त्याची जागा दुसऱ्याच कशानं तरी घेतलीय.

आई गेली शेवटी. दादानं स्वतःची गाडी काढली, मागच्या सीटवर गादी घातली, तिला आडवी करून नेलं. पंढरपूर रस्त्याला एकदा, सोलापूरच्या पुढं दोनदा थांबावं लागलं. उमरग्याच्या अलीकडं ती रडली, असं दादा सांगतो. ती स्वतः कबूल करत नाही. बाळ झाल्यावर चौथ्या दिवशी पोचली. पहिली आंघोळ तिच्या हातनं व्हायची होती, ती परक्या बाईच्या हातनं झाली. यावर कंपनीचा फीडबॅक फॉर्म आला होता, पाचपैकी किती तारे द्याल म्हणून.

खासदार, आमदार, व्यापारी-उद्योजकांच्या चेंबरची मंडळी, वकील संघटना, यातले बरेच जण माझ्या यादीत आहात. तुम्ही विमानसेवेसाठी धडपडलात, ते मी विसरलेले नाही. तुमच्यामुळंच एवढं तरी दिसतंय. पण पुढच्या वेळी दिल्लीला निवेदन द्याल तेव्हा 'नवीन शहरं जोडा' हे वाक्य खोडा आणि 'विमान मुक्कामी ठेवा' हे लिहा. दुसरी ओळ, हंगामाच्या मध्ये वार बदलायचा नाही. बाकी काही मागू नका यंदा.

सागरसाठी शेवटचं. त्याला वडिलांना घेऊन पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, बुधवारी सकाळपर्यंत हैदराबादला पोचायचंय. वडिलांना आडवं होता येईल अशी मोठी गाडी घेऊन मंगळवारी रात्री सोलापूरमार्गे कुणी जाणार असेल, किंवा खात्रीचा ड्रायव्हर माहीत असेल, तर मला इनबॉक्स करा. डिझेलचे पैसे तो देईल.